इतकं पटकन नव्हतं हो

एपिसोड टाकून दोन दिवस झाले होते आणि मॅडमचा फोन आला. आमच्या पॉडकास्टवर त्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या. तीसेक वर्षं डेटाबेस सांभाळण्यात गेलेली, आता निवृत्त, बोलणं मोजकं आणि मिश्कील. "ऐकला बरं का," त्या म्हणाल्या. "आवाज अगदी स्वच्छ आलाय. मी एवढी सलग बोलते हे मलाच माहीत नव्हतं." मी खुशीत हसलो. त्यांना सलग बोलतं करण्यासाठी दोन रात्री जागलो होतो, ते अर्थातच सांगितलं नाही. मग त्या जरा थांबल्या. "फक्त ते एक... मी इतकं पटकन नव्हतं हो सांगितलं." सूर तक्रारीचा नव्हता. कुणी आपला फोटो दाखवावा आणि आपण म्हणावं, डोळे मिटलेत बघ, तेवढाच. कोणतं वाक्य, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी काहीतरी तांत्रिक पुटपुटलो, त्यांनी "चालायचंच" म्हणून विषय मिटवला, आणि त्यानंतर आठवडाभर दात घासताना, जिना चढताना, झोपायला दिवा मालवताना ते वाक्य माझ्या मागे मागे येत राहिलं.

गोष्ट त्यांनी सांगितलेल्या एका रात्रीची होती. समोर दोन खिडक्या उघड्या, दोन्ही काळ्या, दोन्हींत तीच पांढरी अक्षरं. एक चाचणीचा सर्व्हर, दुसरा खरा. चाचणीच्या सर्व्हरवरचं एक टेबल रिकामं करायचं होतं. मॅडमनी कमांड लिहिली, एंटर दाबलं आणि किती ओळी उडाल्या तो आकडा स्क्रीनवर आला. "चाचणीत तेवढ्या ओळी नव्हत्याच," त्या म्हणाल्या. "आकडा वाचला आणि हात गार पडले." बॅकअप रोज रात्री व्हायचा, लॉगमध्ये रोज 'यशस्वी' अशी नोंद पडायची, फक्त तो परत चढवून कुणी कधी पाहिला नव्हता. त्या रात्री चढवला तेव्हा अर्धाच निघाला. पुढचे तीन दिवस कागदांवरून, ई-मेलवरून, लोकांच्या आठवणींतून नोंदी पुन्हा भरण्यात गेले. हे सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "मग शेवटी चूक कुणाची ठरली?" प्रश्न दिसतो तेवढा सोपा नव्हता. दोन सर्व्हरना जवळजवळ सारखी नावं देणारा कुणीतरी होता, खऱ्या सर्व्हरवर सरसकट अधिकार वाटणारा कुणीतरी होता, बॅकअप न तपासणारा अख्खा विभाग होता. मॅडम म्हणाल्या, "माझीच."

मूळ रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये सात सेकंद आहेत. आम्ही टाकलेल्या एपिसोडमध्ये अर्धा.

अर्ध्या सेकंदात आलेलं "माझीच" ऐकलं की वाटतं, उत्तर खिशात तयारच होतं. चार ठिकाणी सांगून गुळगुळीत झालेला किस्सा, आणि वर किंचित ऐटही, बघा मी किती सहज कबूल करते. सात सेकंदांनंतरचं "माझीच" मी त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकलं होतं. ते तसं नव्हतं. आणि गंमत म्हणजे शब्द तोच, आवाज तोच, त्यातला एक कणसुद्धा मी बदललेला नाही. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रंकेट सायलेन्स' नावाचा एक इफेक्ट आहे. किती डेसिबलच्या खाली गेलं की शांतता समजायची, ती किती वेळ टिकली की पकडायची, आणि पकडल्यावर किती शिल्लक ठेवायची, एवढे आकडे भरायचे आणि एंटर दाबायचं. बासष्ट मिनिटांचा एपिसोड त्रेपन्न मिनिटांचा झाला. मीही माझा आकडा वाचला. माझे हात गार वगैरे पडले नाहीत. उलट नऊ मिनिटांचा कचरा काढल्याचं समाधान झालं.

ही खोड मी पॉडकास्ट बनवायला लागण्याच्या कितीतरी आधीची, श्रोता असतानाची. जून २००५ मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्टचं दालन आलं आणि मी त्यात शिरलो तो बाहेर आलोच नाही. नाव तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचं होतं. बेन हॅमर्सली या पत्रकाराने फेब्रुवारी २००४ मध्ये गार्डियनमधल्या एका लेखात या नव्या प्रकाराला काय म्हणावं अशी पृच्छा करत तीन नावं सहज पुढे केली होती, त्यातलं एक चिकटलं. मला नावाशी देणंघेणं नव्हतं. चार माणसं एका टेबलाभोवती बसून प्रोसेसर, राउटर, सुरक्षेची भगदाडं यांवर तास-तासभर वाद घालतात आणि ते आपल्याला ऐकता येतं, एवढ्यानेच मी वेडा झालो होतो. रात्री संगणक चालू ठेवून झोपायचं, सकाळी केबल लावून प्लेअरमध्ये फाइल भरायची, केबलचं ते टोक नीट बसलं की 'टक्' असा बारीक आवाज यायचा आणि दिवसाची सोय व्हायची. माझ्या आसपास कुणालाही या विषयात रस नव्हता. त्यामुळे ती चार माणसं हीच माझी मित्रमंडळी. कोण चिडलं की आवाज चढवतो, कोण वाक्य अर्धवट सोडतो, कुणाचं विनोदानंतरचं हसू खरं आणि कुणाचं शिष्टाचाराचं, हे मला घरातल्या माणसांइतकं पाठ होतं. या एकतर्फी मैत्रीला होर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच नाव देऊन ठेवलंय, टीव्ही-रेडिओवरच्या माणसांकडे पाहून. 'पॅरासोशल' म्हणतात. वाचलं तेव्हा थोडं लाजल्यासारखं झालं, आपल्या प्रेमाचं निदान कुणी छापील कागदावर करून ठेवावं तसं.

पण मैत्री एक आणि वेळ दुसरा. शो वाढले, तास तेवढेच राहिले. मग मी वेग वाढवला, आधी सव्वापट, मग दीडपट. २०१४ मध्ये ओव्हरकास्ट नावाचं ॲप आलं. ते करणारा मार्को आर्मेंट स्वतः तंत्रज्ञानाच्या एका लोकप्रिय पॉडकास्टमधला. त्यात 'स्मार्ट स्पीड' नावाची सोय होती: बोलण्यातल्या शांत जागा ॲप आपोआप आखडून घेतं, आवाज चिरका होत नाही, काही कापलंय हे कळतही नाही. वर किती तास वाचले त्याचा हिशेबही दाखवतं. माझा आकडा १८६ तासांवर गेला तेव्हा मी तो स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. १८६ तास! सात दिवस आणि वर काही तास, माझ्या आवडत्या माणसांच्या न बोलण्यातून मी वाचवलेले. त्यांनी श्वास घेतलेले, शब्द शोधलेले, एकमेकांकडे पाहिलेलं. त्या वाचलेल्या वेळाचं मी काय केलं असं कुणी विचाराल तर उत्तर सोपं आहे, आणखी पॉडकास्ट ऐकले.

मग ते पत्र. एका शोमध्ये एका तांत्रिक मुद्द्यावर सूत्रधाराची चूक झाली होती, लहानशीच, आणि ती मला माहीत होती. मी ई-मेल लिहिलं. तीन वेळा खोडून, शक्य तितकं नम्र, पण आतून उकळ्या फुटताहेत असं. दोन आठवड्यांनी जिना उतरत असताना कानात माझं नाव आलं. नाव म्हणजे नावाचा अपघातच. अक्षरं तीच, पण मधल्या 'ळ'चं त्याने काय केलं ते सांगता येत नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. पुढची अकरा सेकंदं तो माझ्याशी बोलत होता. "बरोबर आहे, माझी चूक," एवढाच मथितार्थ. ती अकरा सेकंदं कापून मी वेगळी जपून ठेवली आहेत. आता विचार केला तर माझं पहिलं एडिटिंग तेच.

आपणही करावं हे तिथून डोक्यात आलं. एकट्याने सुरुवात केली. कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडून, आत तोंड करून, डोक्यावर रजई. खोलीत टाळी वाजवली की मागून शेपटी ऐकू येते ती तिथे येत नाही, कपडे ती गिळून टाकतात. बेचाळीस मिनिटं बोललो, घामाने भिजलो, बाहेर येऊन ऐकलं आणि वाटलं, हा कोण? आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खर्जातला भाग जास्त पोचवतात. माइकला हाडं नसतात, म्हणून रेकॉर्डिंगमधला आपण नेहमीच पातळ वाटतो. हे मला माहीत होतं. माहीत असण्याचा काडीइतका उपयोग झाला नाही. आयुष्यभर सगळ्यांनी हा आवाज ऐकलाय आणि कुणी काही बोललं नाही, याचंच वाईट वाटत राहिलं. बेचाळीस मिनिटं डिलीट केली.

शिवाय मराठी. तंत्रज्ञानावर मराठीत बोलायचं म्हटलं की लोकांना पहिली शंका शब्दांची येते, की लेटन्सीला काय म्हणाल, कॅशला काय म्हणाल. तो प्रश्न खरं तर आठवड्यात सुटला: लेटन्सीला लेटन्सी म्हणतो आणि वाक्य मराठी ठेवतो. खरी अडचण ओठांची होती. या विषयातले निम्मे शब्द 'प' आणि 'फ'वर उठतात. पासवर्ड, प्रोसेसर, पोर्ट, पॅच, फाइल, फोन, फोल्डर. त्यात आपले 'भ' आणि 'ठ' हवेचा झोत मारण्यात पटाईत. "फक्त पासवर्ड" एवढं म्हटलं की माइकवर उशीला दोन बुक्क्या मारल्यासारखं व्हायचं. पॉप फिल्टर लावला, माइक तोंडासमोरून हलवून गालाच्या कोपऱ्याकडे नेला, एक वीत अंतर ठेवलं, तेव्हा कुठे आमची महाप्राण व्यंजनं माणसाळली. आणि 'म्हणजे'! एका एपिसोडमध्ये मी तो शब्द किती वेळा म्हणतो हे मोजायला बसलो आणि पहिल्या वीस मिनिटांत चौऱ्याहत्तर झाल्यावर मोजणं सोडून दिलं.

मित्र सामील झाला तेव्हा पॉडकास्टला जीव आला. तो वेगळ्या शहरात, मी वेगळ्या. फोनवर बोलायचं पण दोघांनी आपापल्या यंत्रावर आपापला आवाज रेकॉर्ड करायचा आणि नंतर जोडायचा, ही जुनी युक्ती. नेटवर्क अडखळलं तरी रेकॉर्डिंग शाबूत राहतं. सुरुवातीला दोघांनी एकदम टाळी वाजवायची, ती खूण धरून ट्रॅक जुळवायचे. पहिला एपिसोड असा जुळवला आणि निम्म्यावर पोचलो तर मित्र माझ्या विनोदाच्या किंचित आधीच हसायला लागलेला. मला वाटलं टाळी चुकली. चुकलं होतं घड्याळ. दोन संगणकांची आतली घड्याळं तंतोतंत सारखी धावत नाहीत. दहा लाखांत पन्नासचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद जमतो. कागदावर ही रक्कम हास्यास्पद दिसते. पण माणसं एकमेकांशी बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला मध्ये किती वेळ जातो, हे २००९ मध्ये दहा भाषांमध्ये मोजलं गेलं आहे. सरासरी निघाली २०० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे घड्याळं तासाभरात जेवढी सरकतात, जवळजवळ तेवढ्याच फटीत आपलं सगळं संभाषण चालतं. त्या फटीत माणूस आवडीने उत्तर देतोय की नाइलाजाने, हे आपल्याला कळतं. ती थोडी रुंदावली की समोरचा रागावलाय का असं वाटू लागतं. हे सगळं मला नीट समजलं होतं, बरं का. मी त्यावर एक अख्खा एपिसोड केला होता.

त्या काळातला सगळ्यात निर्भेळ आनंद फीडचा, म्हणजे ॲप्सना नवे एपिसोड कळवणाऱ्या यादीचा. पॉडकास्ट म्हणजे तळाशी एक साधी मजकुराची फाइल, हे मला वाचून ठाऊक होतं. हाताने लिहिली तेव्हा पटलं. 'एन्क्लोजर' नावाची एक ओळ, तिच्यात तीन गोष्टी: आवाज कुठे आहे, किती बाइटचा आहे, कोणत्या प्रकारचा आहे. डेव्ह वायनरने २००० सालच्या अखेरीस आरएसएसमध्ये, म्हणजे फीड लिहिण्याच्या ठरलेल्या साच्यात, ही ओळ बसवली आणि आजही जगातली ॲप्स तीच वाचत बसली आहेत. कुणाची परवानगी नाही, कुणाचा दरवाजा नाही. मी उत्साहाच्या भरात तारखेची ओळसुद्धा मराठीत लिहिली, देवनागरी आकड्यांत, महिन्याच्या नावासकट. फीड तपासणाऱ्या पानाने ती ओळ लाल केली. तारीख एका ठरलेल्या इंग्रजी साच्यातच लागते. मी हळहळत ती बदलली आणि तेवढ्यासाठी रोमन अक्षरांपुढे मान तुकवली. मग स्वतःच्याच फोनवर, स्वतःच्याच ॲपमध्ये, आपलं नाव शोधलं. इतकी वर्षं ज्या यादीत मी त्या चार माणसांकडे पाहायचो, त्यांच्या खालीच आमचं चौकोनी चित्र येऊन बसलं होतं. पहिल्या आठवड्यात एकतीस डाउनलोड. त्यातले सात माझेच, वेगवेगळ्या यंत्रांवर, व्यवस्थित चालतंय ना हे पाहायला. दोन आईचे असावेत, तिला डाउनलोड आणि ऐकणं यातला फरक समजावून सांगितला तर म्हणाली, "मी ऐकलं रे. कळलं नाही, पण ऐकलं."

आणि एडिटिंग. हे कुणी सांगत नाही की एका तासाच्या बोलण्यामागे पाच तास आपण आपल्याच आवाजाचे डोंगर पाहत बसतो. हळूहळू कान वाया जातो. बोलण्याच्या आकृतीवरून 'म्हणजे' ओळखू येऊ लागतो, न ऐकता: एक बुटका ठोकळा, मग शेपूट. श्वास म्हणजे बारीक माशाचं चित्र. ओठांचा 'चप्' म्हणजे टाचणी. मग एक दिवस माझ्या लाडक्या शोमध्ये, पंधरा वर्षं ऐकत असलेल्या माणसाच्या वाक्यात, मला एक कट ऐकू आला. श्वास आत घेतलेला होता, पण त्या श्वासाचं वाक्य दुसरंच होतं. मी मागे जाऊन तीनदा ऐकलं. जादूगाराच्या बाहीतला रुमाल दिसावा तसा दिसला. त्यानंतर मला ते टेबल, त्याभोवतीची माणसं, काही म्हणता काही दिसेना. दिसायचे ते नुसते ट्रॅक. या धंद्यात आल्याबद्दल काही गमावलं असेन तर ते हे, आणि ते परत मिळालेलं नाही.

शांततेचंही तसंच झालं. नवशिका असताना मी दोन शब्दांमधली जागा पुसून टाकायचो, अगदी शून्य. ऐकताना वाटायचं फोन कट झाला. मग शिकलो की शांतता रिकामी नसते, प्रत्येक खोलीची आपली एक असते: पंख्याची घरघर, भिंतीपलीकडचा फ्रीज, खिडकीतून येणारी दूरची रहदारी. रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं, ते जपून ठेवायचं आणि कापलेल्या जागी ठिगळासारखं लावायचं. त्या अर्ध्या मिनिटात पाहुणे हमखास अवघडतात, काही हसतात. मॅडम हसल्या नव्हत्या. नंतर म्हणाल्या होत्या, "छान वाटलं. कुणी असं गप्प बसायला सांगत नाही हल्ली." त्यांची ती तीस सेकंदं अजून माझ्याकडे आहेत. त्यांच्या मागे कुठेतरी एक घड्याळ टिकटिकतं. ते मी नॉइज रिडक्शन लावून काढून टाकलं होतं.

काय ऐकू येणार नाही हे आधीच ठरवून ते काढून टाकायचं, या तत्त्वावर तर आमचं सगळं दुकान उभं आहे. एमपी३ म्हणजे दुसरं काय? कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी माणसाच्या कानाचाच अभ्यास केला: मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला लागत नाही, इतकंच काय, मोठ्या आवाजाच्या निमिषभर आधी आलेलाही लपून जातो. मग तो साठवायचा कशाला? १९९५ च्या जुलैमध्ये त्या फायलींना एमपी३ हे नाव ठरलं आणि दहा वर्षांत माझ्या खिशातल्या प्लेअरमध्ये ती चार माणसं मावू लागली. मी याचा आजन्म ऋणी आहे. माझा आक्षेप त्या गणिताला नाही. कानाला जे लागतच नाही ते त्यांनी काढलं. मी काढलं ते ऐकू येत होतं.

आठवड्याने, एका रात्री, मी मॅडमच्या एपिसोडच्या मूळ फायली उघडल्या. तीन माणसं, तीन ट्रॅक, टाळीवर जुळवलेले. एकोणचाळिसाव्या मिनिटाला माझा प्रश्न. त्यानंतर तिन्हींत सपाट रेघ, अशी की स्क्रीनवरून काहीच नाही असं वाटावं. मी आवाज चढवला, हेडफोन कानावर दाबले आणि एकेक ट्रॅक वेगळा ऐकला.

मॅडमचा पहिला. माझा प्रश्न त्यांच्या हेडफोनमधून झिरपून अगदी पुसट ऐकू येतो, मुंगीने विचारल्यासारखा. मग घड्याळ. दोन ठोके, तीन. एक श्वास आत. एक 'त', फक्त जिभेचा टेकलेला 'त', 'तसं' म्हणणार होत्या की 'त्यांची', ते कळायला मार्ग नाही. तो तिथेच सोडून दिलेला. खुर्चीचं एक करकरणं, माणूस मागे टेकतो तसं. नाकातून श्वास बाहेर, हसू नव्हे पण हसण्याच्या वाटेवरचं काहीतरी. मग "माझीच."

मित्राचा दुसरा. त्याचा स्वभाव मला माहीत आहे; शांतता त्याला सोसत नाही, कुणी अडखळलं की तो दोरी टाकायला धावतो. चौथ्या सेकंदाला त्याचे ओठ उघडल्याचा 'चप्' आहे, बोलण्याआधीचा. आणि पुढे काही नाही. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. नंतर त्याला विचारलं तर त्याला हे आठवतही नव्हतं.

तिसरा माझा. माझ्या ट्रॅकवर दुसऱ्या सेकंदापासून एक बारीक आवाज आहे. टिर्र. टिर्र टिर्र. सुरुवातीला ओळखू येईना, उंदरासारखं काहीतरी वाटलं. मग उजव्या हाताने आपोआपच ओळखलं. माउसचं चाक. प्रश्नांची यादी खाली सरकवत होतो. पुढचा प्रश्न शोधत होतो.

मी ते पुष्कळ वेळा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सात सेकंद जागेवर ठेवून नवी फाइल चढवली. त्याने काय साधलं असा हिशेब केला तर हाती फार लागत नाही. ज्यांनी आधीच उतरवून घेतला होता त्यांच्या फोनवर जुनाच राहणार. ओळखक्रमांक तोच असला की ॲप्स सहसा पुन्हा डाउनलोड करत नाहीत. नव्याने ऐकणाऱ्यांपैकी जे शांतता आखडणारं बटण चालू ठेवून ऐकतात, म्हणजे माझ्यासारखे, त्यांच्यापर्यंत सात सेकंद पोचणारच नाहीत; मी जे परत ठेवलं ते त्यांचा फोन पुन्हा उचलून नेईल आणि वाचलेल्या वेळात जमा करेल. मॅडमना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "अहो, कशाला एवढा खटाटोप." आणि अर्ध्या तासाने आणखी एक ओळ: "घड्याळ आमच्या हॉलमधलं."

मित्राने नवा एपिसोड ऐकून संध्याकाळी फोन केला. "पॉझ मस्त वाटतोय," तो म्हणाला. "पण त्यात मध्येच तुझा माउस ऐकू येतो रे. तेवढा तुझा ट्रॅक म्यूट कर की, सेकंदाचं काम आहे."

सेकंदाचंच काम होतं. मी केलं नाही.